विश्लेषण : टेस्ट पास, तरी डेटा वाया! ‘गिट फेच’मधल्या एका सुटलेल्या अटीचा धडा

२२ मार्च २०२०. जनता कर्फ्यूचा रविवार. संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांमधून थाळ्या वाजल्या आणि दोन-तीन दिवसांत अख्खा देश घरात बसला. नेमक्या त्याच रविवारी, जगभरातले सॉफ्टवेअर इंजिनीअर रोज वापरतात त्या ‘गिट’ या साधनाची २.२६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एक महत्त्वाचा बदल होता. सर्व्हरवरून कोड आणण्याची, म्हणजे ‘फेच’ करण्याची नवी पद्धत आता सगळ्यांसाठी आपोआप सुरू होणार होती.

नवी पद्धत वेगवान होती. बहुतेकांचं काम तिच्यामुळे हलकं झालं. काही जणांच्या मशीनवर मात्र उलटंच घडू लागलं. चार-दोन नवे बदल मागवले की भलामोठा डेटा उतरायचा. एरर यायची नाही, इशारा मिळायचा नाही, आलेला कोडही अगदी बरोबर असायचा. फक्त लागायला हवा होता त्याच्या कित्येक पट डेटा खर्च व्हायचा.

जूनमध्ये गिटने ही पद्धत ‘डिफॉल्ट’वरून मागे घेतली. दुरुस्ती करून जुलैमध्ये पुन्हा आणली. मूळ दोष होता एका अटीचा. जुन्या कोडमध्ये ती होती, दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली होती, नव्या कोडमध्ये मात्र ती आलीच नाही.

दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून तपासणं, म्हणजेच ‘कोड रिव्ह्यू’, हे काम आयटीत दुय्यम मानलं जातं. ते किती अवघड आहे आणि त्याला मान का द्यायला हवा, हे या एका अटीवरून नीट कळतं.

गिट म्हणजे काय? तुमच्या फोनशी त्याचा काय संबंध?

तुमच्या फोनमधलं बँकेचं, रेल्वे तिकिटाचं किंवा किराणा मागवायचं अ‍ॅप हजारो फाइलींचं बनलेलं असतं. त्या फाइलींवर एकाच वेळी अनेक जण काम करत असतात. कोणी, कधी, काय आणि का बदललं, याची नोंदवही ठेवणारी व्यवस्था म्हणजे ‘व्हर्जन कंट्रोल सिस्टीम’. गिट ही त्यातली सर्वाधिक वापरली जाणारी. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’च्या २०२२ च्या सर्वेक्षणात ९० टक्क्यांहून अधिक डेव्हलपरनी आपण गिट वापरतो असं सांगितलं होतं. त्यामुळे तुमच्या फोनमधल्या बहुतेक अ‍ॅपचा कोड कुठे ना कुठे गिटमध्येच ठेवलेला असणार.

गिट लिहिलं लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी, एप्रिल २००५ मध्ये. त्याआधी लिनक्सचे डेव्हलपर ‘बिटकीपर’ हे एका कंपनीचं सॉफ्टवेअर मोफत वापरत होते. ती सवलत बंद झाली आणि स्वतःचं साधन तयार करायची वेळ आली. त्याच वर्षी जुलैमध्ये टॉरवल्ड्स यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. गिटमध्ये कोणता बदल जाणार, याचा शेवटचा निर्णय तेव्हापासून हमानो घेत आले आहेत.

हा निर्णय बंद खोलीत होत नाही. बदल सुचवणारा आपला ‘पॅच’ सगळ्यांसमोर मांडतो. इतर डेव्हलपर तो ओळीओळीने वाचतात, शंका काढतात. मग दुसरी आवृत्ती येते, कधी तिसरी, कधी दहावीसुद्धा. सगळं पटलं तरच पॅच आत जातो.

‘फेच’ नेमकं काय करतं?

गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची स्वतःची प्रत असते. इतिहासातली प्रत्येक नोंद म्हणजे ‘कमिट’. प्रत्येक कमिटला आपल्या आधीचं कमिट माहीत असतं, त्यामुळे मुलगा, बाप, आजोबा अशी साखळी मागे मागे जाते. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा एक ठसा असतो. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो.

सर्व्हरवर इतरांनी टाकलेली नवी कमिट आपल्या प्रतीत आणून ठेवायची, हे ‘फेच’चं काम. तुम्ही ज्या फाइलवर काम करताय तिला ते हात लावत नाही. ‘पुल’ मात्र आधी फेच करतं आणि मग आलेलं काम तुमच्या कामात मिसळतं.

आता खरा प्रश्न. तुमच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे सर्व्हरला कसं कळणार?

लग्नाच्या पंगतीत दोन लांबचे नातेवाईक शेजारी बसले की काय होतं, ते आठवा. ‘तुम्ही कोणाचे?’ ‘मी वसंतरावांचा.’ ‘नाही लक्षात येत. आजोबा कोण?’ ‘बाळकृष्णपंत.’ ‘अंहं.’ ‘पणजोबा गोविंदराव.’ ‘अहो, गोविंदराव म्हणजे आमचेच की!’ एकदा सामाईक पूर्वज सापडला की पुढचं सोपं असतं. गोविंदरावांच्या आधीचं दोघांनाही ठाऊक. त्यांच्यापासून पुढे फुटलेली शाखा तेवढी सांगायची.

फेचमध्ये हेच होतं. तुमचं मशीन सर्व्हरला सांगतं, ‘मला हे कमिट हवंय.’ मग आपल्याकडच्या कमिटचे ठसे ताज्याकडून जुन्याकडे वाचत जातं. ‘हे आहे माझ्याकडे. हेही आहे.’ आधी १६, मग ३२, अशा हप्त्यांनी. ओळखीचा ठसा आला की सर्व्हर होकार देतो. पुरेशी ओळख पटली की मधलं तेवढं बांधून पाठवतो. या देवाणघेवाणीला गिटच्या भाषेत ‘निगोशिएशन’ म्हणतात. आपण तिला बोलणी म्हणू.

बोलणी चांगली झाली तर काही केबीत काम भागतं. ओळखच पटली नाही, तर सर्व्हरसमोर एकच मार्ग उरतो. मागितलेल्या कमिटपासून थेट मुळापर्यंतची अख्खी वंशावळ पाठवायची. लिनक्सच्या बाबतीत हा इतिहास दहा लाखांहून अधिक कमिटचा आणि एक जीबीपेक्षा मोठा आहे.

२५६ हा आकडा कुठून आला?

बोलणी किती वेळ चालू ठेवायची, यालाही मर्यादा हवी. समजा गोविंदराव सापडले. तरी तुम्ही चुलत, मावस, आत्ये अशी शेकडो नावं वाचत बसलात आणि समोरच्याला त्यातलं एकही माहीत नसलं, तर दोघांचा वेळ वाया जातो. म्हणून गिटमध्ये नियम आहे. सलग २५६ ठसे सांगूनही सर्व्हरला एकही ओळखू आला नाही, तर बोलणी थांबवायची.

या नियमाला एक पोटनियम आहे. २५६ ची ही मर्यादा लागू होते ती सर्व्हरने किमान एकदा होकार दिल्यानंतरच. पहिली ओळख पटेपर्यंत हार मानायची नाही, कारण एकही पूर्वज न सापडता थांबलो तर सगळा इतिहास उतरवावा लागेल. गिटच्या दस्तऐवजात हा पोटनियम कारणासह लिहिलेला आहे.

२०२० मध्ये काय बिघडलं?

दोन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली गोष्ट. जुन्या पद्धतीत बोलणी सुरू होण्याआधी सर्व्हर आपल्याकडच्या सगळ्या ब्रँच आणि टॅगची यादी वाचून दाखवायचा. मोठ्या प्रकल्पांत ही यादीच अवाढव्य असते. एक ब्रँच हवी असताना हजारो नावं ऐकून घ्यायची, हा अपव्यय होता. २०१८ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीने, म्हणजे प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीने, तो बंद केला. ज्या नावांशी काम आहे तेवढीच मागायची सोय झाली. सुधारणा चांगलीच होती.

पण ती लांबलचक यादी गुपचूप आणखी एक काम करत होती. यादीतले काही ठसे तुमच्या मशीनला ओळखीचे वाटायचे आणि सामाईक पूर्वजाचा धागा तिथेच मिळायचा. यादी आखूड झाली तसा हा आयता धागाही गेला.

दुसरी गोष्ट. नव्या पद्धतीसाठी लिहिलेल्या कोडमध्ये २५६ चा नियम आला, पोटनियम आला नाही. तिथे मोजणी पहिल्या ठशापासूनच सुरू व्हायची. २५६ अनोळखी ठसे झाले की, एकही ओळख पटलेली नसताना, बोलणी बंद.

साध्या प्रकल्पात हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. पाच-पंचवीस ठशांत ओळख पटते. अडचण आली ती लिनक्स कर्नलवर काम करणाऱ्यांना. तिथे एकाच प्रतीत चार-पाच ठिकाणचं काम आणून ठेवलेलं असतं. ‘लिनक्स नेक्स्ट’सारखी शाखा तर वेगवेगळ्या चमूंचं काम एकत्र करून जवळजवळ रोज नव्याने बांधली जाते. अशा प्रतीतले वरचे शेकडो ठसे एखाद्या सर्व्हरला अनोळखी असणं अगदी स्वाभाविक आहे. २५६ चा आकडा पहिली ओळख पटण्याआधीच गाठला जायचा आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठा गठ्ठा उतरायचा.

नवी पद्धत ऐच्छिक होती तोवर, म्हणजे जवळपास दोन वर्षं, हा दोष शांत बसून होता. ती डिफॉल्ट झाल्यावर तो नेमका त्या लोकांपर्यंत पोहोचला, ज्यांचं काम त्या कोपऱ्यात चालतं.

टेस्टना का कळलं नाही?

इथे इंजिनीअर नसलेल्या वाचकालाही पटेल असा मुद्दा आहे. टेस्ट विचारते, ‘हवं ते आलं का?’ आलं होतं. प्रत्येक वस्तूचा ठसा जुळत होता. इतिहास सलग होता. नव्या पद्धतीत तर बोलणी लवकर संपत होती, म्हणजे वरवर पाहता सुधारणाच.

‘किती आलं?’ हा प्रश्न मात्र या परिस्थितीसाठी कोणत्याही टेस्टने विचारलेला नव्हता. रिक्षा तुम्हाला घरी सोडते, पण वाशीहून ठाण्याला पनवेलमार्गे आणते. घरी पोहोचलात का, एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार.

रिव्ह्यू करणाऱ्यांच्या नजरेतूनही हे निसटलं, हे मान्य करायला हवं. त्याचं कारण त्यांच्या आळसात शोधू नये. रिव्ह्यू करताना समोर असतो तो ‘डिफ’, म्हणजे कोणत्या ओळी वाढल्या आणि कोणत्या गेल्या याचा तक्ता. नवी पद्धत नव्या वाटेने लिहिली की सगळ्या ओळी नव्याच दिसतात. जुन्या वाटेवरची एक अट इकडे आलीच नाही, ही गोष्ट डिफमध्ये लाल रंगात दिसत नाही. जे लिहिलंय ते तपासता येतं. जे लिहायचं राहिलं ते शोधायला जुना कोड शेजारी उघडून बसावं लागतं.

माघार घेतली, मग?

एप्रिल २०२० मध्ये दुरुस्तीचे पॅच आले. दुरुस्ती छोटी होती. मोजणी पहिल्या होकारानंतरच सुरू करायची आणि प्रत्येक होकारानंतर पुन्हा शून्यापासून. दस्तऐवजातल्या त्या वाक्याचा आधार दुरुस्तीच्या टिपणातच दिला होता. सोबत दोन नव्या टेस्ट आल्या. या टेस्ट नुसतं ‘आलं का’ एवढं पाहत नाहीत, किती वस्तू आल्या तेही मोजतात.

दुरुस्ती हाती असूनही गिटच्या मंडळींनी जूनमधल्या २.२७ आवृत्तीत नवी पद्धत डिफॉल्टवरून खाली उतरवली. प्रसिद्धीपत्रकात साधं कारण दिलं, अजून काही खडबडीत कडा शिल्लक आहेत. ज्यांना हवी ते ती स्वतः सुरू करू शकत होते. जुलैच्या अखेरीस आलेल्या २.२८ मध्ये ती पुन्हा डिफॉल्ट झाली.

चार महिन्यांत पुढे, मागे आणि पुन्हा पुढे. एखाद्या कंपनीत असं झालं असतं तर ‘कोणाची चूक?’ यावर तीन मीटिंग झाल्या असत्या. इथे जी गोष्ट कामी आली ती म्हणजे कधीतरी कोणीतरी लिहून ठेवलेलं एक वाक्य. २५६ हा आकडा कोडमध्ये दिसतो, पण तो कधी लागू करायचा आणि का, हे त्या वाक्यात होतं. ते नसतं तर जुना कोड असा विचित्र का वागतो, यावरच वाद झाला असता.

फेचचा कोड तपासताना काय विचारायचं?

गिटच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवातून चार प्रश्न हाती लागतात. ते फेचपुरते नाहीत, कुठल्याही कोडला लागू पडतात.

१. जुना कोड न सांगता कोणती कामं करत होता? यादीचं उदाहरण वर आलंच. एखादी ओळ काढण्याआधी, तिच्यामुळे आणखी कोणाचं भागत होतं, हे विचारायला हवं.

२. समोरचा खोटं बोलला तर? फेच म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरून आपल्या मशीनवर माल आणणं. ऑगस्ट २०१७ मध्ये एक धोकादायक त्रुटी उघड झाली. सर्व्हरच्या पत्त्यात यजमानाचं नाव आडव्या रेघेने सुरू केलं, तर पुढचा प्रोग्रॅम त्याला नाव न समजता सूचना समजायचा आणि त्यातून तुमच्या मशीनवर परक्याची आज्ञा चालवता यायची. गिटबरोबर मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन या दोन साधनांतही हाच दोष निघाला. तिन्ही प्रकल्पांतल्या अनुभवी नजरांना एक आडवी रेघ दिसली नव्हती.

३. अर्ध्यात तुटलं तर? फेच एका वेळी अनेक ब्रँचच्या नोंदी बदलतं. त्यातली एक अडली तर बाकीच्यांचं काय? एरवी बाकीच्या बदलतात, अडलेली तशीच राहते. ‘सगळ्या बदला, नाहीतर एकही नको’ असा पर्याय मार्च २०२१ च्या २.३१ आवृत्तीत मिळाला. कोणतं वागणं बरोबर, हे कामावर अवलंबून आहे. पण बदल करताना यातलं कोणतं मोडतंय, हे विचारायला हवं.

४. हे माझ्यापेक्षा वेगळ्या मशीनवर कसं चालेल? लिहिणारा बहुधा चांगल्या नेटवर, नव्या लॅपटॉपवर आणि नेटक्या प्रकल्पात काम करतो. वापरणारे सगळे तसे नसतात.

२०२५ मध्ये पुन्हा तोच अनुभव?

शेवटचे दोन प्रश्न किती खरे आहेत, हे अलीकडेच दिसलं. ऑगस्ट २०२५ च्या २.५१ आवृत्तीत फेचचा वेग वाढवण्यासाठी आणखी एक बदल आला. आधी प्रत्येक ब्रँचची नोंद स्वतंत्रपणे बदलली जायची, आता त्या सगळ्या एका गठ्ठ्यात बदलायच्या. हजारो ब्रँच असलेल्या प्रकल्पांना याचा मोठा फायदा होता.

मात्र मॅक आणि विंडोजच्या फाइल व्यवस्थेला इंग्रजीतलं लहान आणि मोठं अक्षर साधारणपणे एकच वाटतं. सर्व्हरवर दोन ब्रँचची नावं फक्त लहान-मोठ्या अक्षराने वेगळी असली, तर अशा मशीनवर त्यांची टक्कर होते. पूर्वी टक्कर झाली की नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर गुपचूप लिहिली जायची, बाकीच्या पुढे जायच्या. गठ्ठा केल्यावर एका टकरीमुळे अख्खा गठ्ठा अडू लागला. लिनक्स मशीनवर ही टक्कर होतच नाही, त्यामुळे तिथे काम करणाऱ्याला ती दिसणंही कठीण. मग दुरुस्ती आली. ज्यांची टक्कर आहे तेवढ्याच नोंदी नाकारायच्या, बाकीच्या जाऊ द्यायच्या.

पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन्ही प्रकारांत साम्य आहे. दोन्ही बदल वेगासाठी होते, दोन्ही योग्य होते. दोन्हींमध्ये जुन्या सावकाश कोडचा एक न बोललेला गुण हरवला.

आपल्याकडे रिव्ह्यू म्हणजे जर्नलवरची सही?

महाराष्ट्रात इंजिनीअरिंग केलेल्या कोणालाही ‘सबमिशन’चा आठवडा आठवत असेल. वर्षभराची जर्नल दोन रात्रींत उतरवायची, सरांच्या केबिनबाहेर रांग लावायची. सर पानं भराभर उलटतात आणि प्रत्येक प्रयोगाखाली सही करतात. सही झाली की प्रयोग झाला. मी या रांगेत चार वर्षं उभा राहिलो. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक शोधायला मला त्या चार वर्षांत एकदाही सांगितलं गेलं नाही. प्रोग्रॅम लिहिण्याला मार्क होते, वाचण्याला नव्हते.

पत्रकारितेत येण्यापूर्वी मी काही काळ एका सॉफ्टवेअर कंपनीत काम केलं. तिथे सहीची जागा चार इंग्रजी अक्षरांनी घेतली होती, ‘एलजीटीएम’. म्हणजे ‘लुक्स गुड टू मी’, मला ठीक दिसतंय. एका संध्याकाळी सहकाऱ्याचा सहाशेच्या आसपास ओळींचा बदल माझ्याकडे आला. बस सुटायला वीस मिनिटं होती. मी वरून खाली स्क्रोल केलं, नावं नीट आहेत, टेस्ट हिरव्या आहेत हे पाहिलं आणि चार अक्षरं लिहून निघालो.

त्या बदलात एक ओळ होती. आधी रात्रीचं काम फेच करून फक्त नवे बदल आणायचं. आता ते जुनी प्रत पुसून सगळा कोड नव्याने उतरवणार होतं. आमच्या इमारतीत कोणालाच फरक जाणवला नाही. संथ नेटवर काम करणाऱ्या दुसऱ्या शहरातल्या टीमचं रात्रीचं काम मात्र सकाळपर्यंत संपेना. कारण सापडायला दहा दिवस लागले. बदल लिहिणाऱ्या सहकाऱ्याला बोलणी बसली. माझं नाव कोणी घेतलं नाही, कारण रिव्ह्यू करणाऱ्याची जबाबदारी असते, हे तिथे कोणी धरतच नव्हतं. मलाही त्या दिवशी सुटल्यासारखंच वाटलं. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

एआयच्या काळात हे जास्त महत्त्वाचं का?

आता कोड लिहून देणारी एआय साधनं हाताशी आहेत. पूर्वी दिवस लागायचा तेवढा कोड काही मिनिटांत समोर येतो, टेस्टसकट. लिहिण्याचा खर्च कमी झाला, वाचण्याचा तेवढाच राहिला. उलट वाढला. सहकाऱ्याला ‘ही अट का काढलीस?’ असं विचारता येतं आणि त्याला आठवतंही. मशीनने दिलेल्या कोडमागे असा आठवणारा माणूस नसतो.

एआय रिव्ह्यूही करू शकतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण २५६ च्या प्रकरणात प्रश्न होता तो लिनक्सच्या डेव्हलपरच्या प्रतीत अनोळखी कमिटचा ढीग का असतो, हे माहीत असण्याचा. ही माहिती डिफमध्ये नव्हती. ती कामाच्या सवयीत होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. इतकं बारीक वाचत बसलो तर डेडलाइनचं काय? आक्षेप खरा आहे. प्रत्येक बदलाला गिटएवढा वेळ कोणालाच देता येणार नाही आणि गिटच्या रिव्ह्यूतूनही चुका सुटतात, हे आपण पाहिलंच. म्हणूनच कुठे थांबून वाचायचं, हे ठरवावं लागतं. बटणाचा रंग बदलला तर नजर टाकली तरी चालेल. जो कोड बाहेरून डेटा आणतो, रोज लाखो वेळा चालतो आणि चुकला तरी ओरडत नाही, तिथे दुसरा कोड शेजारी उघडून बसायलाच हवं.

मग करायचं काय?

तीन गोष्टी आजपासून करता येतील, त्यांना पैसा लागत नाही.

कॉलेजांनी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक प्रश्न वाचनाचा ठेवावा. जुना कोड, नवा कोड आणि एकच विचारणा, नव्यात काय राहिलं? गिटसारख्या मुक्त प्रकल्पांचे रिव्ह्यू कोणालाही मोफत वाचता येतात. त्याहून चांगलं पाठ्यपुस्तक मिळणं अवघड आहे.

कंपन्यांनी रिव्ह्यूला दिलेला वेळ कामाचा वेळ म्हणून मोजावा. अप्रेझलमध्ये ‘किती लिहिलं’ याच्या शेजारी ‘काय अडवलं’ याचा रकाना असावा. आणि सहाशे ओळींचा बदल एका संध्याकाळी पाठवणाऱ्याला तो तुकडे करून पुन्हा पाठवायला सांगण्याची मुभा सर्वांत ज्युनिअर माणसालाही असावी.

तिसरी गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी. कोडमध्ये एखादा विचित्र आकडा किंवा अट टाकलीत, तर तिचं कारण एका वाक्यात तिथेच लिहून ठेवा. २५६ मागचं कारण कोणीतरी लिहिलं होतं, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला अंदाज बांधावे लागले नाहीत.

पुढच्या वेळी अ‍ॅप अपडेट करताना ‘किरकोळ दुरुस्त्या’ असं वाचलंत, तर त्यामागे कदाचित अशीच एखादी सुटलेली अट असेल. आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल, तर आज संध्याकाळी ती चार अक्षरं टाइप करण्याआधी जुनी फाइल एकदा उघडून बघा. बस दहा मिनिटांनी दुसरी येते.